भिंतीत कोणीतरी आहे

"गोड आहे?" लोरीनबाईंचा आवाज चढला. "नवरीला जिवंत भिंतीत चिणलंय, आणि तुला ती गोष्ट गोड वाटते?"

"रागावू नका, मिस लोरीन," वाचनालयाची नवी प्रमुख केंड्रा म्हणाली. "पण हल्ली असल्यानं कुणी घाबरत नाही हो. यंदाच्या हॅलोवीनला तुमच्या भुतांच्या कपाटाकडे कुणी फिरकलं नाही, तर पुढच्या वर्षी तिथे केकच्या पाककृती मांडू."

केकच्या! लोरीनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इंडियानातल्या या गावानं ऑक्टोबरात कोणतं भूत वाचावं, कोणता सिनेमा दिवे मालवून बघावा, कोणतं कॉमिक पोरांच्या हाती लागू देऊ नये, हे आजवर वाचनालयात बसून त्यांनीच सांगितलं होतं. आणि ही कालची पोर त्यांना भीती शिकवणार?

त्यांनी पुस्तकं काळ्या कागदात बांधायला घेतली. वर फक्त एक इशारा लिहायचा, आत काय ते घरी जाऊन कळेल. मग बघू कोण हसतंय! हात कागद दुमडत होते आणि तोंडानं केंड्राचा उद्धार चालला होता. त्या भरात चिणलेली नवरी टेबलावरच राहिली आणि शेजारच्या ढिगातलं, वाचकांकडून परत आलेलं वाळवीवरचं पुस्तक बांधलं गेलं. वर चिठ्ठी लागली, 'तुमच्या भिंतीत कोणीतरी आहे.'

ते नेलं वर्जिल हॉफमायरनं. हा गडी असा, की भुताच्या सिनेमाला घोरतो. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडताच तो दारात हजर, चेहरा पांढराफटक.

"लोरीन, अगं काय पुस्तक दिलंस हे! पहिलं प्रकरण वाचलं आणि स्वयंपाकघराची भिंत ठोकून बघितली. पोकळ वाजली गं! बायको आईकडे निघून गेली."

लोरीनबाईंना इतक्या वर्षांचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. "मी म्हणतच होते! ऐकतंय कोण?"

"आणि शेवटचे फोटो तर बघवेनात."

"फोटो? कादंबरीत कसले आलेत फोटो?" त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, हे वाळवीचं आहे! यात कसली डोंबलाची भीती?"

"तुझं घर भाड्याचं आहे, तुला काय कळणार?"

तेवढ्यात मागच्या माणसानं पुस्तकाला हात घातला. त्याचंही घर लाकडी होतं. गावात सगळ्यांचीच घरं लाकडी. पुस्तक या हातातून त्या हातात गेलं. हॅलोवीनचे भोपळे कोरायचे सोडून मंडळी भिंतींना कान लावून उभी राहिली. लोरीनबाई येईल त्याला बजावत होत्या, "ते भुताचं नाही, त्याची शिफारस मी केलेली नाही!" पण ऐकतो कोण?

अखेर केंड्राच आली, डोळे सुजलेले. तिनंही नुकतंच जुनं घर घेतलं होतं.

"मिस लोरीन, कपाट तुमचंच. कायमचं. बघा तरी, एक पुस्तक उरलेलं नाही. सिनेमे गेले, कॉमिक्ससुद्धा गेली."

लोरीनबाईंनी वळून पाहिलं. खरंच, कपाट रिकामं. त्यांची मान ताठ झाली. "शेवटी कळली ना लोकांना भुतांची किंमत?"

"म्हणजे..." केंड्रा चाचरली. "वाळवीनं सगळ्यांची झोप उडालीय हो. तुमचं एखादं भूत वाचायला घेतलं, की जरा डोळा लागतो. माझी आई तर ती नवरी उशाशीच ठेवते."

एवढ्यात वर्जिल आत आला.

"लोरीन, बायको परत येतेय. तिलाही शांत झोप लागेल असं एखादं जाडजूड भूत आहे का गं?"

लोरीनबाईंनी टेबलाखालून सगळ्यात जाड कादंबरी काढली, त्याच्यापाशी गेल्या आणि नेम धरून त्याच्या पायावर सोडली. भुताच्या पुस्तकानं वर्जिल हॉफमायर आयुष्यात पहिल्यांदा किंचाळला.