उंब्रजचा हरवलेला खर्ज

"अख्ख्या सातारा-सांगलीत माझ्याएवढी तीक्ष्ण नजर फक्त घारीची हाय. पर घारीला पुरावा जपून ठेवता येत न्हाई, तिथं ती मागं पडती," असं मेजर वीरधवल रोज सकाळी शटर वर जाताना म्हणायचे. शटर वर करायचा तारिक, आणि ऐकायचाही तोच.

फौजेतून आलेल्या कुणालाही आपल्याकडं मेजर म्हणायची पद्धत आहे. वीरधवल परत आले तेव्हा नाईक होते आणि नोकरी सगळी भांडारात ब्लँकेटं मोजण्यात गेली होती. ते त्याला गुप्त कामगिरी म्हणत. ते खोटंही नव्हतं, कारण अठरा वर्षं ते तिथं काय करत होते हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

दुकान खरं तर तारिकचं, टीव्ही आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं. मेजर एकदा रेडिओ घेऊन आले, स्टुलावर बसले आणि उठलेच नाहीत. महिन्याभरात बाहेर पाटी लागली : 'वीरधवल शोध केंद्र. हरवलेले सापडेल. म्हैस असल्यास फोटो आणावा.' तारिक सहायक झाला तो असा. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी स्कूटीवरून संयोगिता आली. खांद्यावर बास गिटार, हातात रेक्झिनची पिशवी, आणि चेहरा पार उतरलेला.

"मेजर, माझा खर्ज गेलाय."

मेजरांनी वही उघडली. "शेवटचा कवा बघितला हुतास? गळ्यात हुता का कपाटात?"

"आवं मेजर, खर्ज म्हंजी खालचा स्वर," तारिक म्हणाला. "जाड. पोटात घुमतो त्यो. बास गिटारीचं सगळं त्यावर चालतंय."

"ठावं हाय मला," मेजर म्हणाले आणि वहीत लिहिलेलं 'सोन्याचा?' खोडलं.

संयोगितानं पिशवीतून तीन डब्या काढून टेबलावर मांडल्या, हिरवी, पिवळी आणि लाल. तिचे चुलते आकारामतात्या यांची बेंजो पार्टी पंचक्रोशीत नावाजलेली. ट्रॉलीवर बेंजो सुरू झाला की तिचा बास कुणाला ऐकूच येत नसे. म्हणून ती मिरजेला गेली. तिथले चांदसाहेब पिढ्यान् पिढ्या तंबोरे करणारे, पण आता दुकानाच्या एका कोपऱ्यात असली पेडलंही ठेवतात. पायानं दाबली की गिटारीचा आवाज बदलतो. त्यांनी एकाच कारागिराची तीन पेडलं तिला आठ दिवस वापरायला दिली. वाजवून बघ, एक ठेव, दोन परत आण.

"हिरवं ओव्हरड्राइव्ह. त्यानं आवाज जरा घोगरा हुतोय. पिवळं डिस्टॉर्शन, ते भांडायलाच उठतंय. आणि लाल फझ, त्यात भुंगाच बसलाय. मिरजेत तिन्ही अशी घुमली, चांदसाहेबांच्या भिंतीवरचे तंबोरे आपसूक वाजाय लागले. आणि घरी आणली तर दुसऱ्या दिवसापास्नं नुसती खरखर. खालचा स्वर गायब! तिन्हीतनं! मग मी निवडू कशातनं?"

"घाई काय हाय?"

"तात्या म्हणत्यात, शनिवारच्या प्रॅक्टिसला खर्ज आला न्हाई, तर रविवारच्या परण्याला तू येऊ नगंस. नवऱ्या मुलाला मारुतीला न्यायचा आन् वाजंत्री पोकळ, आपलं नाव जाईल म्हणत्यात. कीबोर्डात बासचं बटण हाय, तेवढ्यावर भागवायचं." तिनं बोटं पुढं केली. "चार वर्षं बोटं सोलली मी, मेजर. आणि माझ्या जागी एक बटण!"

तारिकनं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि हिरव्या पेडलाकडं हात नेला. "जरा बघू? बाजूला ह्ये बारकं काय तरी दिसतंय."

"हात न्हाई लावायचा!" मेजर गरजले. "ठसे पुसत्यात रं!" त्यांनी तिन्ही पेडलं तीन रिकाम्या, धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत घातली आणि वर चिकटपट्टी लावली. "तपास सुरू झाला. ह्यात घरातल्याच मानसाचा हात हाय."

"कशावरनं?"

"कायम असतोय."

पहिला संशय गेला तात्यांच्या पार्टीतल्या बेंजोवाल्या अर्जुनावर. मेजरांचा सिद्धांत असा, की बेंजो एवढा जोरात वाजतो म्हणजे त्याला खायला लागत असणार, आणि तो शेजारचा खर्ज खातो. गुरुवारी दुपारभर दोघं अर्जुनाच्या मागं हिंडले. तो सलूनमध्ये गेला, मग भज्याच्या गाड्यावर, मग आणखी एका भज्याच्या गाड्यावर. तिथं तो एकदम मागं वळला.

"मेजर, सकाळधरनं मागं फिरताय, त्यापरीस या की खायला."

मेजरांनी चौकशी भजी खाता खाता पुरी केली. "खर्ज कुठं हाय?"

"माझ्याकडं आलाच तर मी त्याला ठिवू कुठं?" अर्जुना म्हणाला. "माझं सगळं वरचंच. खालचं काय असंल ते त्या पोरीचं. ती नसली तर आमी म्हंजी डबा बडवल्यागत, तात्यांना कोण सांगणार?"

मेजरांनी त्याला निर्दोष ठरवून त्याच्याच बशीतली शेवटची मिरची उचलली.

मग संशय कोरेगावच्या बेंजो पार्टीवर. गेल्या साली एका मिरवणुकीत दोन्ही ट्रॉल्या समोरासमोर आल्या होत्या, तो सूड असावा. पण कोरेगावकरांनी चार महिन्यांपूर्वीच बेंजो सोडून डीजे घेतला होता, हे तारिकला ठाऊक होतं. त्यांचा जुना अँप्लिफायर त्याच्याच दुकानात पडून होता आणि मेजर रोज त्यावर चहाचा कप ठेवत.

"ह्ये आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमी विचारलं न्हाई, मेजर."

शुक्रवारी रात्रीपर्यंत तिसरा सिद्धांत तयार झाला. संयोगिताचं घर हायवेला लागून. रात्रंदिवस ट्रक जातात. जड गाडी जड स्वर आपल्याबरोबर ओढून नेते, त्यामुळं उंब्रजचा सगळा खर्ज आता बंगळूरला पोचला असणार. हे ऐकल्यावर तारिकनं कपाळावर हात मारला. मेजरांना ती दाद वाटली.

शनिवारी सकाळी मेजर तारिकला आणि पेडलांच्या तिन्ही पिशव्या घेऊन प्रत्यक्ष जागेची पाहणी करायला निघाले. संयोगिताच्या दारात तिची आई बनुबाई उभी होती.

"या. दुकानचा पंखा बंद करून आलासा न्हवं?" तिनं पहिलंच विचारलं. "आणि घरचा गॅस? नुसता शेगडीचा न्हाई, टाकीचा बी करावा. मी तर निजायच्या आदी घरभर फिरून एकेक बटण बघती. म्हसवडला आमच्या जावंच्या घरी रात्रभर शेगडी चालू राहिली, तवापास्नं माझ्या जिवाला घोर हाय."

"आई लोकांवर आपण संशय घेत न्हाई," मेजर तारिकच्या कानात म्हणाले आणि वहीतलं बनुबाईंचं नाव खोडलं.

आकारामतात्या आधीच पलंगावर येऊन बसले होते. शेजारी कीबोर्ड. तो बघून संयोगितानं मान फिरवली. मग दुधाच्या पिशव्या फाडल्या, लाल पेडल जोडलं, वरची तीन मोठी बटणं तिनं सवयीनं फिरवून जागेवर आणली आणि तार छेडली. खर्रर्र. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला.

"रोज सकाळी ही बटणं शून्यावर गेलेली असत्यात," ती म्हणाली. "मला वाटतंय पिशवीत घासून फिरत्यात."

"पिशवी!" मेजर ओरडले. "रेक्झिन खर्ज शोषतंय!"

तात्यांनी सुस्कारा टाकला. "पोरी, जिवाला लावून घेऊ नगंस. उद्या बटणावरच वाजवू."

गिटार भिंतीला टेकवून संयोगिता खिडकीकडं गेली.

"आदी च्या घ्या, मग काय ते ठरवा," बनुबाई आतून म्हणाली. सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडं सरकले. बनुबाईनं तारिकच्या हातात ट्रे दिला, सवयीनं खोलीत नजर टाकली, पुढं होऊन पंखा बंद केला, दिवा बंद केला, खाली वाकून लाल पेडलाची वरची तीन बटणं शून्यावर आणली आणि बाजूचं चौथं, बारकं, बोटानं चाचपून घट्ट मागं फिरवलं.

तारिकच्या हातातला चहा सांडला. "काकू! ह्ये काय केलंसा?"

"काय म्हंजी? बंद केलं. तुमी समदी उठलासा, कुणाचं ध्यान हाय?"

"ह्ये रोज करताय?"

"व्हय. तिन्हीची. गॅस झाला की ह्या तीन शेगड्या."

तारिक खाली बसला. ह्या वेळी मेजरांनी अडवायच्या आत त्यानं ते बारकं बटण अर्ध्यावर फिरवलं. वरची तीन संयोगितानं लावली. "बोंबला," ती पुटपुटली. "मला वाटलं ह्यो स्क्रू हाय." चांदसाहेबांनी ते बटण आधीच बरोबर जागी फिरवून दिलं होतं. खरखरीसोबत गिटारीचा साधा आवाज किती सोडायचा, ते त्यावर ठरत होतं. ते बंद म्हणजे खर्ज बंद.

तिनं तार छेडली. मांडणीवरची ताटं थरारली, तात्यांच्या बशीतला चहा हलला आणि बाहेर म्हैस उठून उभी राहिली.

सगळे हसले. बनुबाई तेवढी हसली नाही. ती तिथंच खाली बसली. "म्हंजी रोज रात्री मी माझ्याच हातानं पोरीचा आवाज बंद करत हुते?"

"आई, असं नगं म्हणू गं." संयोगितानं तिचे हात धरले.

मग तिनं तिन्ही पेडलं पुन्हा वाजवली. हिरवं तात्यांना आवडलं, पिवळं मेजरांना. संयोगितानं लाल उचललं. "फझ. वर किती का भुंगा घुमंना, खाली मी हाय."

तात्यांनी कीबोर्ड पिशवीत घातला. "उद्या बाराला ट्रॉलीवर ये. उशीर करू नगंस."

"घरातल्याच मानसाचा हात," मेजर वही मिटून म्हणाले. "पहिल्या दिवशीच सांगितलं हुतं." दुर्दैवानं ते खरं होतं.

रविवारी दुपारी परण्या निघाला आणि बेंजोच्या खालून तो खर्ज असा आला, की नवऱ्या मुलाची घोडी दोनदा थबकली. मारुतीच्या देवळाशी वाजंत्री पाणी प्यायला उतरली. तारिकनं बघितलं, गर्दीतून बनुबाई पदर खोचून ट्रॉलीवर चढली आणि लाल पेडलाची वरची तीन बटणं तिनं एकेक करून बंद केली.

तारिक धावत गेला. "काकू, आवं—"

"ओरडू नगंस. ठावं हाय मला."

बाजूच्या त्या बारक्या बटणाला तिनं हात लावला नव्हता. सकाळीच तिनं खूण म्हणून त्यावर कुंकवाचं ठसठशीत बोट उठवून ठेवलं होतं.