लांजेवार सरांचं चिपकवलेलं अक्षर

मे महिन्यात भंडाऱ्यात कुणी "काय ऊन आहे सर!" म्हटलं, की लांजेवार सर "दोनशे अठ्ठेचाळीस" म्हणतात. हा उन्हाचा आकडा नव्हे. संगणकावर अंशाचं बारीक वाटोळं हवं असेल, तर ऑल्टची कळ दाबून हा आकडा टाकायचा, एवढंच त्यांना सांगायचं असतं.

सरांचा टायपिंगचा क्लास होता. मी तिथलीच विद्यार्थिनी. क्लास बंद पडला, सरांची बोटं काही थांबेनात. पत्नी वारल्या, मुलगा पोलंडला, त्यामुळे घरी बोलायला भिंती. आमच्या पितळी भांड्यांच्या दुकानात नाव कोरायची मशीन आहे आणि तिला संगणक जोडलेला आहे, हे कळल्यापासून ते रोज येतात. आले की "उठ, सुनंदा" म्हणून माझी खुर्ची घेतात.

एकदा एकोडीच्या गिऱ्हाइकाच्या घागरीवर त्यांनी नावापुढे वर्तुळातला सी ठोकून दिला. तो बिचारा विचारतो, "मास्तर, हे काय होय?"

"हक्क राखीव. आता तुयी घागर कोणी चोरत नाही."

एका गोष्टीचा मात्र त्यांना भयंकर तिटकारा. दुसरीकडचं अक्षर उचलून इथे डकवलेलं चालत नाही. "चिपकवलेलं अक्षर परायं असते," म्हणतात.

परवा ते घरूनच छोटा पितळी गडवा घेऊन आले. पोलंडची सून आणि नात पहिल्यांदाच येणार होत्या, त्याच संध्याकाळी. नातीचं नाव मिउका. तिकडच्या लिपीत त्यातला उ एलनं लिहितात आणि त्या एलच्या पोटातून एक तिरपी रेघ जाते. सरांनी ऑल्ट दाबला, आकडा टाकला. उमटला बी. पुन्हा टाकला, पुन्हा बी. त्यांच्या कपाळावर घाम आला. पंख्याखाली बसून घामाघूम झालेले सर मी कधी पाहिले नव्हते.

"साधा एल टाकू का सर? लहान आहे, तिला काय कळतंय?"

"काहून नाही कळणार? आपलं नाव माणसाले कळते."

"मग तुमच्या मुलाच्या मेसेजमधून उचलते."

सरांनी ऑल्टवरचा अंगठा हळूच उचलला. "चिपकव," म्हणाले.

मशीन कुरकुरली आणि पितळेवर रेघेसकट नाव उमटलं. सरांनी त्यावर बोट फिरवलं. त्यांच्याइतकाच माझाही जीव भांड्यात पडला.

आमच्याकडे भेटीच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतंच, म्हणून विचारलं, "खाली तुमचं नाव टाकू ना?"

"कायले? देऊन नाही राहिलो मी. माया घरीच राहीन हा. घरच्या भांड्यावर नाव असलं म्हणजे पोरगी पाहुणी नसते."

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी सर आले नाहीत. मला काळजी लागली. संध्याकाळी आले ते हसतच. "त्या रेघेवर बोट ठेवून हासली. आता दुसऱ्या भांड्यानं पाणीच पेत नाही."

मला फार बरं वाटलं. मी सवयीनं खुर्चीवरून उठले, पण सर बसले नाहीत. स्टूल ओढून शेजारी टेकले.

"बस तू. ते चिपकवाचं मले शिकव. ती परत गेल्यावर तिले मेल टाका लागन, रेघेसकट तिच्याच नावानं."