नवी फाइल, नवा नवरा

मी मोठ्या आवाजात बोलत नाही, पण एवढं मात्र ठणकावून लिहिते: यंदा ऑफिसातलं विम्याच्या यादीचं काम मी चहा गार व्हायच्या आत संपवणार होते!

आमची मालवाहतुकीची कंपनी, मार्केट यार्डात. कर्मचारी आणि त्यांचे नवरे-बायका यांच्या आरोग्य विम्याची यादी दरवर्षी माझ्याकडे. गेल्या वर्षीची एक्सेल फाइल आणि यंदाची, दोन्ही छापायच्या, शेजारी शेजारी मांडायच्या आणि पट्टी लावून ओळ न् ओळ ताडून बघायची. मान अशी अवघडते, की आठवडाभर देवाला नमस्कारसुद्धा तिरका होतो!

यंदा आमच्या कॉम्प्युटरवाल्या पूर्वानं एक प्रोग्रॅम करून दिला. "काकू, दोन्ही फाइली द्यायच्या आणि बटण दाबायचं. जुनीतली पहिली ओळ नवीतल्या पहिलीशी, दुसरी दुसरीशी, असं तो आपला आपण जुळवतो. बदल दिसला, की त्या माणसाला आणि त्याच्या घरी मेसेज जातो. बाराच्या ठोक्याला बदलांची यादी विमा कंपनीला!"

"आणि चुकलं तर?"

"मशीन चुकत नाही, काकू. माणसं चुकतात."

हे तिनं माझ्याकडे बघून म्हणायला नको होतं.

मी रोज सकाळी देवापुढे दोन संकल्प सोडते. दिवसभरात कुणावर आवाज चढवायचा नाही, आणि देवाचं नाव घातल्याशिवाय काहीही लिहायला घ्यायचं नाही. त्या दिवशी तर संकष्टी. नवी फाइल उघडली, सगळ्यात वर एक कोरी ओळ घातली, त्यात "॥ श्री ॥" लिहिलं, माउसला नमस्कार केला आणि बटण दाबलं.

टुंग! टुंग! टुंग! आरतीच्या वेळी झांजा वाजाव्यात तसे ऑफिसभर फोन वाजले.

शेजारच्या टेबलावरचा सलिल उठून आला. "काकू, माझं लग्न झालं का?"

"नाही रे बाबा."

"मग ही शेफाली कोण?"

शेफाली? ती तर आमच्या ऑफिसातल्या संतोषची बायको! वर्षभरापूर्वी त्यांचं लग्न झालं, म्हणून तिचं नाव यंदा पहिल्यांदा यादीत घातलेलं. खरा बदल काय तो तेवढाच. आणि आज सकाळीच ती बाळंतपणासाठी हॉस्पिटलात दाखल झालेली!

तेवढ्यात माझा फोन. "आपल्या जोडीदाराचे नाव बदलून 'माधव पाटणकर' असे नोंदवले आहे."

माधवराव! आमच्या पाटणकर मॅडमचे यजमान! सात जन्म एकच नवरा मिळावा म्हणून मी वडाला फेऱ्या घालून घालून वड दमला असेल, आणि या यंत्रानं ह्याच जन्मात, उभ्या उभ्या बदलून दिला! भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीकडे बघायची छाती होईना.

आमच्या ह्यांचा घरून फोन. आवाज एकदम शांत. "मी बदललो म्हणे?"

"अहो, तसं नाही..."

"नाही, माझी काही तक्रार नाही. माधवरावांना सांग, गच्चीतल्या कुंड्यांना रोज पाणी लागतं. किल्ल्या कुठे ठेवून जाऊ?"

फोन ठेवते तोच साहेब केबिनबाहेर. "माझ्या पत्नीचं नाव आता 'जोडीदाराचे नाव' असं आहे. ती घरी हसते आहे की रडते आहे, मला फोनवर कळत नाहीये!"

आणि मग संतोषचा फोन आला.

"काकू, मी इथे काउंटरवर मेसेज दाखवला. ते विचारतायत, पेशंट रामदास कुठे आहेत?"

रामदास! उखाण्याबाहेर कधी मी जे नाव घेतलं नाही, ते आज प्रसूती विभागात पुकारलं जात होतं!

"काकू, बाराच्या यादीत शेफालीचं नाव गेलं नाही तर कार्ड चालणार नाही म्हणतायत. तिला कळा सुरू झाल्यात हो!" पोराचा आवाज कापत होता. घड्याळात पावणेबारा.

पूर्वा धावत आली. स्क्रीन बघून तिनं कपाळाला हात लावला. "काकू, हे वर काय?"

"श्री."

"अहो, त्यानं नवी फाइल एक ओळ खाली सरकली! प्रत्येकाला त्याच्या वरच्याचा जोडीदार मिळाला. साहेब सगळ्यात वर, त्यांना नुसतं शीर्षक मिळालं! पुसा ती ओळ."

"श्री पुसू? संकष्टीला?"

"दहा मिनिटं राहिलीत, काकू!"

माझा हात उचलेना. तिकडे शेफाली अडलेली आणि इकडे मी विघ्नहर्त्यालाच पुसायचं? वर विघ्न टळायची वाट बघायची?

"सरका, मी पुसते!" पूर्वाचं बोट डिलीटच्या बटणाकडे गेलं.

"हात लावून तर बघ!!"

हा आवाज माझा होता. बाहेर बटाट्याची पोती उचललेले हमाल जागच्या जागी थांबले. सलिल ताडकन उभा राहिला. उभे होते ते साहेब बसले.

आणि त्या शांततेत मला सुचलं. "पूर्वा, जुनी फाइल उघड. तिच्यातही वर एक ओळ घाल."

"आणि?"

"श्री लिही!"

मग तिनं लिहिलं. मी डोळे मिटून बटण दाबलं.

"फरक: एक. संतोष यांच्या जोडीदाराचे नाव: शेफाली."

बाराला यादी गेली. पूर्वानं सगळ्यांना नवा मेसेज पाठवला, "आधीचा संदेश रद्द समजावा. आपले जोडीदार पूर्वीचेच आहेत." साहेबांच्या घरून लगेच उत्तर आलं: "वाटलंच."

दुपारी संतोषचा फोन. "काकू, मुलगी झाली! दोघी सुखरूप! कार्डही चाललं. फक्त ते विचारतायत, रामदास कधी दाखल होणार?"

मी मनोमन बाप्पाला हात जोडले. पण आवाज न चढवायचा संकल्प मोडला होता ना! प्रायश्चित्त म्हणून चंद्रोदयापर्यंत मौन धरलं आणि संध्याकाळी घरी येऊन बेल वाजवली.

ह्यांनी साखळी न काढता दार किलकिलं केलं. "कोण पाहिजे आपल्याला?"

मी हातवारे केले.

"नाव सांगितल्याशिवाय आत घेता येणार नाही, बाई. हल्ली नावं फार बदलतात."

चंद्रोदय साडेनवाला होता हो!