पहिलवानचे थेंब आणि सासूबाईंचे गुडघे

"आईंना पत्तासुद्धा लागणार नाही!" घड्याळजींनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. पंचवीस वर्षं घड्याळांच्या केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यात धरणारा माणूस! एक चिमुकली बाटली लपवायची म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ!

बाटलीत तेल होतं, पहिलवानसाठी. पहिलवान म्हणजे त्यांचा कुत्रा. नाव भारदस्त, पण वर्षभर बिचाऱ्याला झटके येत होते. बसल्या जागी कोसळायचा, पाय ताठ व्हायचे, तोंडाला फेस यायचा. गेल्या महिन्यात तर सहा वेळा! गोळ्या चालू होत्या, पण पुऱ्या पडत नव्हत्या. म्हणून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सीबीडी तेल सुचवलं.

"भांगेच्याच झाडापासून काढतात, पण याने नशा होत नाही," त्या म्हणाल्या. "काही कुत्र्यांना गुण येतो, काहींना नाही. बघू या. गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ मोजून चार थेंब."

घड्याळजींच्या कानात शिरली ती फक्त भांग! घरात सासूबाई राहायला होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. सासरेबुवांची तपकिरीची डबी त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी खिडकीबाहेर भिरकावली होती.

घड्याळजींनी लेबल खरवडलं आणि बाटली दुकानाच्या खणात, घड्याळाच्या तेलांमागे दडवली. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. तिसऱ्या दिवशी सासूबाई चष्म्याचा स्क्रू शोधायला आल्या आणि नेमका तोच खण उघडला.

"जावईबापू, हे कसलं तेल? आणि लेबल का खरवडलंय?"

घड्याळजींची बोबडी वळली. "गु... गुडघ्याचं! तुमच्यासाठीच आणलंय, आई!"

सासूबाईंचे डोळे पाणावले. "वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीत हो!" असं म्हणून त्या बाटली घेऊन गेल्यासुद्धा.

झालं! संध्याकाळी थेंबांची वेळ झाली. घड्याळजी रांगत रांगत सासूबाईंच्या पलंगाखाली शिरले.

"काय शोधताय?" वरून आवाज आला.

"काही नाही... माझेही गुडघे जरा..."

"मग आधी बोलायचं नाही का!"

पुढची दहा मिनिटं सासूबाईंनी जावयाचे गुडघे असे रगडले, की ते खरंच दुखायला लागले! त्यातून त्या तेलाला, कुत्र्यांनी आवडीनं घ्यावं म्हणून, मांसाचा वास घातलेला. पहिलवान दोघांचे चारही गुडघे मिटक्या मारत चाटायला लागला.

'चला, औषध पोटात तर गेलं!' घड्याळजींनी मनाची समजूत घातली. पण किती गेलं, याचा हिशेब कोण ठेवणार? सकाळी सासूबाईंनी पुन्हा तेल चोळलं आणि पहिलवान पुन्हा चाटायला हजर!

त्या दुपारी घड्याळजी बाजारातून घड्याळांचे सुटे भाग घेऊन परतले, तर बायको दारातच उभी. "अहो, पहिलवान झोकांड्या खायला लागला! कपाटावर जाऊन आपटला! आई त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेलीय!"

"उचलून? त्या गुडघ्यांनी?"

घड्याळजी पळत सुटले. दवाखान्यात पोचले आणि दारातच थिजले. टेबलावर पहिलवान ढाराढूर झोपला होता आणि डॉक्टरीणबाई वाकून सासूबाईंच्या गुडघ्याचा वास घेत होत्या!

"हे तर पहिलवानचंच औषध!" त्या म्हणाल्या. "घाबरू नका, जास्त चाटलंय म्हणून गुंगी आलीय. उतरेल. पण हे गुडघ्याला चोळायला कुणी सांगितलं?"

दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं.

घड्याळजींनी सगळं कबूल केलं. भांगेची धास्ती, खरवडलेलं लेबल, पलंगाखालचा प्रवास, सगळं!

सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही बाहेर असता तेव्हा त्याला झटका आला, की आजूबाजूच्या खुर्च्या मी सरकवते. तो शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसून घड्याळ बघते. आणि त्याचं औषध माझ्यापासून लपवता? औषध ते औषध! मला काय एवढंही कळत नाही?"

घड्याळजी पहिलवानचे कान कुरवाळू लागले.

"शिवाय," सासूबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "माझे गुडघे तर कालपासून बरे वाटतायत! एवढं धूड उचलून आणलं मी!"

"तो तुमच्या मायेचा गुण, आजी. तेलाचा नाही."

त्या दिवसापासून बाटली सासूबाईंच्या ताब्यात गेली. थेंब त्या मोजायच्या, जावई नुसता पहिलवानचा जबडा धरायचा. एकही वेळ चुकली नाही. पहिल्या महिन्यात झटके तीन आले. दुसऱ्या महिन्यात एकच, तोही मिनिटभराचा. रक्ताची तपासणीही ठीक निघाली. "तेलाचाच गुण, असं इतक्यात छातीवर हात ठेवून सांगणार नाही," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "पण चालू ठेवा!"

परवा एक गिऱ्हाईक घड्याळ न्यायला आलं. घड्याळजींनी जमिनीवर पडलेली फाटकी पुडी उचलली आणि त्यांचा चेहरा पडला. घड्याळ होतं, पट्ट्याचा मात्र ओला चोथा! टेबलाखाली पहिलवान शेपूट हलवत बसला होता. आजारी पडल्यापासून त्यानं साधी चप्पलसुद्धा कुरतडली नव्हती!

"अहो, मी फक्त काच बदलायला दिलं होतं!" गिऱ्हाईक ओरडलं. "पट्टा कुठाय?"

"त्याचं काय झालं... उंदरा..."

मागे खुर्चीवर सासूबाई खाकरल्या.

"कुत्र्यानं खाल्ला!" घड्याळजी म्हणाले, आणि ते इतक्या आनंदानं म्हणाले, की गिऱ्हाईक घाबरून दोन पावलं मागे सरकलं.