घड्याळजीची बाजू

कादंबरीचा दुसरा भाग मिटून बायकोने डोळे पुसले, तेव्हाच घड्याळजीने काहीतरी निमित्त काढून दुकानात पळायला हवं होतं. पण लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दुकान बंद ठेवायचं, हे त्याने स्वतःच कबूल केलं होतं.

पहिला भाग नायिकेने सांगितलेला. त्यात नायक चारशे पानं खिडकीत उभा राहतो आणि चकार शब्द काढत नाही. दुसऱ्या भागात तीच खिडकी, तीच चारशे पानं, फक्त सांगणारा नायक. जुनं यंत्र नव्या डबीत घालून विकलंय, असं घड्याळजीचं मत होतं. ते त्याने शहाण्यासारखं मनातच ठेवलं होतं.

"बघितलंत? गप्प होता, पण आत केवढं साठलं होतं बिचाऱ्याच्या! तुमचंही तसंच असणार," बायको म्हणाली.

मुलीने लगेच वही उघडली. संध्याकाळी पाहुण्यांपुढे वाचायला तिने आईबाबांच्या प्रेमाची गोष्ट लिहिली होती, अर्थात आईच्या बाजूने. आई आजोबांचं टेबलावरचं घड्याळ घेऊन चार वेळा दुकानात गेली, कारण ती पुन्हा यावी म्हणून बाबा ते मुद्दाम अर्धवट दुरुस्त करायचे. पंचवीस वर्षं बायको ही गोष्ट दागिन्यासारखी मिरवत आली होती.

"बाबा, आता तुमची बाजू. खरी हं!"

अशा वेळी माणसाने सरळ थाप मारावी. पण 'अर्धवट' हा शब्द घड्याळजीला पंचवीस वर्षं सलत होता.

"मी जन्मात अर्धवट काम केलेलं नाही," तो म्हणाला. "त्या घड्याळातला दोष मला सापडतच नव्हता."

मुलीचं पेन थांबलं.

"आणि माझ्याकडे टक लावून बघायचात ते?" बायकोने विचारलं.

"डोळ्याला भिंग असायचं गं. ते लावलं की पलीकडे माणूस आहे की कपाट, तेही कळत नाही."

"'पुन्हा या' म्हणायचात!"

"ते तर दुकानाच्या पाटीवरच लिहिलंय."

बायकोने कादंबरी बाजूला ठेवली. "बरं. मग माझीही खरी बाजू लिहून घे," ती मुलीला म्हणाली. "यांच्या दुकानातल्या खुर्चीवरून समोरचा फोटो स्टुडिओ दिसायचा. त्या फोटोग्राफरचे काय केस होते! घरून निघताना मीच काटे दहा मिनिटं मागे करायचे, आणि 'मागे पडतंय' म्हणून घड्याळ यांच्यापुढे ठेवायचे."

"म्हणजे दोष नव्हताच!" घड्याळजी आनंदाने ओरडला. मग बाकीचं हळूहळू डोक्यात शिरलं आणि तो खाली बसला. "मग माझ्याशी लग्न का केलंस?"

"त्याचं दुसरीकडे ठरलं. तुम्ही समोरच होतात."

घड्याळजीने मुलीच्या वहीचं पान मागे उलटलं. "पहिलाच भाग वाच," तो मुलीला म्हणाला. "मुद्दाम अर्धवट करायचो, असंच राहू दे."

संध्याकाळी पाहुण्यांनी उसासे टाकले, टाळ्या वाजवल्या. फोटो काढायला दुकानासमोरचाच फोटोग्राफर आला होता. घड्याळजीनेच आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. फोटोग्राफरच्या डोक्यावर आता औषधालाही केस उरला नव्हता. घड्याळजीला तेवढंच बरं वाटलं.

तो फोटो आता दिवाणखान्यात लावलाय. त्यात घड्याळजी भिंगाशिवाय बायकोकडे टक लावून बघतोय. आणि बायको गोड हसून सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय.