काशीला निघालेला गोपू

घराबाहेर पडणाऱ्याला "कुठे निघालास?" असं विचारू नये, हे आमच्या काशीतल्या रामघाटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमच्या शेजारचे दामूअण्णा मात्र खिडकीत बसून नेमकं तेच विचारायचे. आधी "थांब!" म्हणून गल्ली दणाणून सोडायचे, मग विचारायचे. एकदा माझे वडील पुण्याच्या गाडीसाठी निघाले आणि अण्णांनी हाक मारली. आईने वडिलांना परत आत बसवलं, पाणी दिलं, हातावर गूळ ठेवला. तेवढ्यात गाडी गेली. "उचलली जीभ लावली टाळ्याला!" वडील आठवडाभर धुमसत होते.

अण्णा शाळेत संस्कृत शिकवायचे. एकटेच होते. लहानपणी कोकणातून इथल्या वेदशाळेत आलेले. त्यावर त्यांचा एक ठरलेला विनोद होता. सोडमुंजीत बटू छत्री-काठी घेऊन काशीला निघतो, मामा त्याला अडवतो, "जाऊ नकोस, माझी मुलगी देतो" म्हणतो आणि बटू घरी परततो. "अख्ख्या महाराष्ट्रातून निघतात सगळे," अण्णा म्हणायचे, "पोचलो मी एकटाच!" आम्ही पोट धरून हसायचो.

अण्णा मुलांसाठी एक कादंबरी लिहीत होते. तिचा नायक गोपू, वय वर्षं आठ, तोही काशीला निघालेला. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर अण्णा आम्हाला नवं प्रकरण वाचून दाखवत. गोपूची छत्री वादळात उलटी होऊन होडी बनायची. काठीने तो राक्षसाला गुदगुल्या करायचा. एक म्हातारं कासव त्याला अस्सल बनारसीत विचारायचं, "का बचवा, कहाँ जात हउवा?" कुठे निघालास, असं सगळे विचारायचे, थांब मात्र कुणी म्हणायचं नाही.

"अण्णा, गोपू मोठा कधी होणार?"

"कुणी थांबवलं की."

"मग थांबवा ना!"

"बघू. अजून मामा मिळाला नाही त्याला."

मी फ्रॉकमधून साडीत आले, दोन गल्ल्या सोडून सासरी गेले. नवऱ्याची रेल्वेतली नोकरी इथलीच, म्हणून गाव सुटलं नाही. पुढे माझा सुधीर त्याच पायऱ्यांवर बसू लागला, तरी गोपू आपला आठच वर्षांचा.

सुधीरची मुंज ठरली. मला भाऊ नाही. मी अण्णांकडे गेले. "अण्णा, सुधीरचे मामा व्हाल?"

अण्णांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. "माझ्या मुंजीत मामा आलाच नाही गं, कुसुम. खाडी खवळलेली, होडी सुटलीच नाही. मी चालत राहिलो. वाटलं, कुणीतरी हाक मारेल. वेशीपर्यंत गेलो. आई तर नव्हतीच. मागून वडील आले. म्हणाले, निघालाच आहेस तर जा खरोखरच. महिन्याभरात धाडलं."

इतकी वर्षं या गोष्टीला मी हसत होते. मला रडू आलं.

सोडमुंजीचा दिवस उजाडला. काशीतल्या बटूने काशीला जायचं कुठे? आमच्याकडे तो घाटाच्या दिशेने चालू लागतो, एवढंच. सुधीर नवे बूट करकरवत निघाला. जरीची टोपी घालून अण्णा तयार उभे होते. आता गल्ली दणाणणार म्हणून आम्ही सगळे वाट बघत होतो.

सुधीर पायऱ्या उतरू लागला. खालून एक नावाडी त्याला होडीत बोलावत ओरडला, "आवा बचवा, बइठा!"

"अहो अण्णा, बोला!" गुरुजी कासावीस झाले.

अण्णा धोतर सावरत अनवाणीच धावले आणि त्यांनी सुधीरचं मनगट घट्ट धरलं. "थांब रे," ते इतक्या हळू म्हणाले की मला जेमतेम ऐकू आलं. "नको जाऊस."

सुधीरला आम्ही सगळं पढवून ठेवलेलं. "मुलगी देता?"

"मुलगी कुठून आणू, बाळा? गोष्ट देतो."

सुधीरने क्षणभर विचार केला. "पूर्ण?"

"पूर्ण."

त्या संध्याकाळी अण्णांनी शेवटचं प्रकरण वाचलं. नदीकाठी गोपूला कुणीतरी हाताला धरून थांबवलं. तो घरी परतला तेव्हा त्याचं ताट वाढून ठेवलेलं होतं. जेवून उठला आणि नऊ वर्षांचा झाला.

मुंजीसाठी मुक्काम माझ्या माहेरीच होता. दुसऱ्या दिवशी सुधीर तिथूनच शाळेला निघाला. सवयीने मी "थांब!"ची वाट बघत दारातच उभी राहिले. खिडकीतून अण्णांचा आवाज आला, "सावकाश जाऊन ये रे!"