रागाची सरासरी

"आठवड्याभरात प्रश्न सुटतो की नाही, बघाच!" आईने घरात ठासून सांगितलं. प्रयोगशाळेत दिवसभर पाण्याचे नमुने तपासणाऱ्या बाईला आठ वर्षांच्या मुलीचं काय अवघड!

मुलीचं, म्हणजे भिंगरीचं, एडीएचडी म्हणजे नेमकं काय ते डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. तिच्या भावना दुधासारख्या उतू जातात, आणि त्या गडबडीत समोरच्याचा चेहरा वाचायचा राहतो. वर्षभरात तीन मैत्रिणी तुटल्या होत्या. आता समोरच्या घरातल्या पिटुकलीने खेळायला बोलावलं होतं. ही तरी टिकायलाच हवी होती.

"कुणी रागावलंय का ते कळत नसेल, तर सरळ विचारायचं. शून्य ते दहा," आईने शिकवलं. "पण एकाच मोजणीवर विसंबायचं नाही. तीनदा मोजून सरासरी काढायची!"

भिंगरी वही घेऊन निघाली. आई 'सहजच' मागोमाग.

पिटुकलीची आई शिवणकाम करायची. गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही कापत होती.

"काकू, तुम्हाला किती राग आलाय?"

"मला? मुळीच नाही गं."

भिंगरीने शून्य लिहिलं. "आता किती?"

"नाही म्हटलं ना! जा, खेळा."

"तीन," भिंगरी पुटपुटली. "आणि आता?"

"अगं, काम करू देशील का!" काकू कडाडल्या, आणि कात्री खूण सोडून थेट कोपरापर्यंत गेली!

"नऊ!" भिंगरी आनंदाने ओरडली. "सरासरी चार. म्हणजे फार नाही!"

मग तिला ती बाही दिसली. क्षणात भोकाड पसरून ती टेबलाखाली शिरली. पाठोपाठ पिटुकलीही.

आई पुढे सरसावली. "तिचा दोष नाही हो, पद्धत माझी! त्याचं काय असतं..." मेंदू झाला, दूध झालं. काकूंनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. समजावण्याच्या भरात आईने शिवणाचा खडू उचलून आलेखही काढला. दुसऱ्या बाहीवर!

काकूंनी खडू हळूच काढून घेतला. "ताई, जरा खाली वाका."

टेबलाखाली दोघी पालथ्या पडून फुकट गेलेल्या बाहीत एक बाहुली कोंबत होत्या. खुसखुस चालली होती.

"त्यांचं केव्हाच जमलंय," काकू म्हणाल्या.

आईचा जीव भांड्यात पडला. "मग उद्या येऊ ना आम्ही?"

"पाठवा की तिला," काकूंनी दार उघडून धरलं. "एकटीलाच!"